नाण्यावरची बाई आणि ग्रामसभेतली बाई



ऑगस्ट लागला की गावोगावी झेंड्याची तयारी सुरू होते. शाळेत पोरं कवायत करतात, ग्रामपंचायतीसमोरच्या खांबाला चुना लागतो. याच महिन्याच्या एक तारखेला दूर युरोपात स्वित्झर्लंड नावाच्या लहानशा देशाचाही राष्ट्रीय दिवस असतो. हा देश आपण सिनेमातल्या गाण्यांत पाहिला आहे. बर्फाचे डोंगर, हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. आज त्या लोकांच्या मानचिन्हांबद्दल बोलू, आणि त्यातून आपल्या गावाकडं येऊ.

त्यांचा झेंडा लाल, मधोमध पांढरा क्रॉस. बहुतेक देशांचे झेंडे लांबट असतात, यांचा चौरस. डोंगरावरचं पांढरं एडेलवाइस हे त्यांचं लाडकं फूल. विल्यम टेल हा त्यांचा दंतकथेतला वीर. जुलमी अधिकाऱ्यानं हुकूम केला म्हणून त्यानं पोटच्या पोराच्या डोक्यावर ठेवलेलं सफरचंद बाणानं टिपलं, अशी गोष्ट सांगतात. आणि गाय तर त्यांच्या जिवाभावाची. उन्हाळाभर उंच कुरणात चरलेल्या गाई शरद ऋतूत खाली उतरतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट आणि गळ्यात मोठाल्या घंटा बांधून गावातून मिरवत आणतात. आपण पोळ्याला बैल सजवतो, तसंच समजा.

आता मुख्य गोष्ट. या देशाच्या नाण्यांवर एक बाई आहे. तिचं नाव हेल्वेशिया. आपली जशी भारतमाता, तशी ती त्यांची देशमाता. १८५० साली देशभर एकच नवं चलन आलं तेव्हापासून ती नाण्यांवर आहे. एका हाती ढाल, दुसऱ्या हाती भाला. त्या देशात चार भाषा बोलतात. कोणत्या भाषेतलं नाव छापावं हा तंटा नको, म्हणून पोस्टाच्या तिकिटांवरही ‘हेल्वेशिया’ एवढंच छापतात. म्हणजे देशाचं नावच बाईचं.

आणि खऱ्या बाईला? तिला देशाच्या निवडणुकीत मतच नव्हतं. तिथं मोठे निर्णय लोकांचं मत घेऊन होतात. १९५९ साली विचारलं, बायांना मताधिकार द्यायचा का? उत्तर कोणी द्यायचं, तर फक्त पुरुषांनी. तीनातल्या दोघांनी ‘नाही’ म्हटलं. १९७१ साली पुन्हा विचारलं, तेव्हा साधारण तितक्यांनीच ‘हो’ म्हटलं. बाई नाण्यावर चढल्यापासून मतपेटीपर्यंत पोचायला तिला १२१ वर्षं लागली.

तरी एक कोपरा अडून बसला. अपेंझेल नावाच्या भागात वर्षातून एकदा चौकात सभा भरते आणि हात वर करून मत देतात, थेट आपल्या ग्रामसभेसारखं. तिथं पुरुष कमरेला तलवार लावून येत. ती तलवार म्हणजेच मताचा हक्क असल्याची खूण. १९९० साली कोर्टानं निकाल दिला, तेव्हा कुठं तिथल्या स्थानिक कारभारात बायांना मत मिळालं. पुढच्याच वर्षी, १४ जून १९९१ ला, देशभरातल्या सुमारे पाच लाख बायांनी समान हक्कांसाठी काम बंद ठेवलं.

ऐकून हसू येईल. पण हसण्याआधी आपल्याकडं पाहू.

स्वतंत्र भारतात आपल्याला मताची वाट पाहावी लागली नाही. १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बाप्यांबरोबर बायांनीही मत दिलं. पण त्या वेळी देशातल्या सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गळली. का? त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. कोणी ‘अमक्याची माय’ लिहून दिलं, कोणी ‘तमक्याची बायको’. हक्क होता, नाव नव्हतं.

आणि आपल्या वऱ्हाडाला मोठ्या बायांची काय कमी? आपल्याच जिल्ह्यातलं वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात. तिथून तिची पालखी दरवर्षी पंढरीला जाते. तिची कथा आठवा. भावानं ठरवलेलं लग्न तिला नको होतं. तिनं स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावलं. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं माहेर. १२ जानेवारीला आपण तिथं माथा टेकायला जातो. शिवराय १६६६ साली आग्र्याला गेले, तेव्हा मागं स्वराज्याचा कारभार जिजाऊंनी पाहिला. दोघींनी निर्णय घेतले, म्हणून त्या मोठ्या. आपण मात्र हार घालतो आणि निर्णयाची गोष्ट विसरतो.

१९९३ पासून पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. आज कितीतरी गावांत सरपंच बाई आहे. पण ‘सरपंचपती’ हा शब्दही आपल्याच तोंडी आहे. सही ताईंची, खुर्ची भाऊंची. झेंडावंदनाला दोरी ताईंच्या हातात आणि भाषण भाऊंचं, असं होत असेल तर तीही नाण्यावरचीच बाई झाली की नाही? दिसते सगळ्यांना, बोलत नाही.

मानचिन्हं नकोत असं माझं म्हणणं नाही. झेंडा पाहून ऊर भरून येतो, यायलाच पाहिजे. घरच्या बाईला लक्ष्मी म्हणतात, तेही गोड लागतं. पण शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा मुद्दा साधा होता. लक्ष्मी म्हणता, तर तिचं नाव सातबाऱ्यावर लावा. पुष्कळ कास्तकारांनी तसं केलंही. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग बापाचं. नाव कागदावर येऊ लागलं आहे.

म्हणून तीन कामं सांगते. एक, घराचा नमुना आठचा आणि वावराचा सातबारा उतारा काढून पाहा, तुमचं नाव आहे का. नसेल तर घरात विषय काढा, भांडण म्हणून नव्हे, हिशोब म्हणून. दोन, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा नियम आहे. ती कधी आहे हे ग्रामपंचायतीत विचारा. हळदीकुंकवाला जाता तशा दहा-बाराजणी मिळून जा. पाणी, दवाखाना, दारू, पोरींच्या एस.टी.ची वेळ, जे असेल ते मांडा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला लावा. सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. तीन, तुमच्या गावची सरपंच बाई असेल तर तिच्या मागं उभ्या राहा. ती बोलताना अडखळली तर हसू नका. पहिल्यांदा बोलताना सगळेच अडखळतात, बाप्येसुद्धा.

स्वित्झर्लंडच्या बायांना नाण्यावरून चौकात यायला शंभरावर वर्षं लागली. आपल्याला ग्रामपंचायतीचा उंबरठा तर कायद्यानंच मोकळा करून दिला आहे. फक्त आत जाऊन बसायचं आहे, आणि नाव विचारलं की आपलंच सांगायचं आहे.