हिमारोहकाची सॅक
हैदराबादनजीकच्या भोनगीरच्या अखंड कातळावर आरोहणाचे धडे गिरवून, वयाची 14 वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, 25 मे 2014 रोजी एव्हरेस्ट सर करणाऱ्या तेलंगणाच्या मालावत पूर्णाप्रमाणे हिमालयाची आस बाळगणाऱ्या तरुणांनी सॅकची निवड विचारपूर्वक करावी. एका दिवसाच्या हिमारोहणास 30 ते 40 लिटरची, रिकामी असता सुमारे 1 किलो वजनाची सॅक पुरेशी होय. मात्र आइस अ‍ॅक्स उगारताना बाहू मोकळे राहावेत आणि मान वर करताना हेल्मेट अडू नये, इतकी ती अरुंद व आखूड असावी, ही पहिली शर्त. हातमोजे न काढता तिचे बंद उघडता यावेत, कारण उघड्या बोटांना हिमदंश होण्यास विलंब लागत नाही. भार अवश्य घटवावा. सुरक्षेच्या साहित्यात मात्र काटकसर करू नये.