पडद्यावरचा डाग आणि भिंतीवरचं बटण

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



मी शासनाच्या नोकरीत उपयंत्री, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमापर्यंत. व्याख्यात्यांच्या यादीत माझं नाव यावं असं काही नाही. यंदा आलं ते आपल्या सभागृहातल्या टीव्हीमुळे. देणगीच्या पैशातून घेतलेला हा ओएलईडी टीव्ही. गेल्या उत्सवात दहा दिवस त्यावर आरत्यांचे शब्द होते आणि खाली मंडळाच्या नावाची केशरी पट्टी. दिवाळीत कार्यक्रम लावला तेव्हा अंधाऱ्या दृश्यात उभे पट्टे दिसू लागले आणि तळाशी निळसर हिरवा डाग. टीव्ही चालवणाऱ्या मुलावर आळ आला. त्यानं सेटिंग बिघडवलं, असं बैठकीत बोललं गेलं, आणि मी गप्प बसलो. त्या मुलाची काहीच चूक नव्हती. चूक माझी होती. ती कशी, ते सांगतो.

आपल्यातले बरेच जण इथल्या गाड्यांच्या कारखान्यांत आहेत. पेंट शॉपवाल्यांना विचारा: बंपर प्लास्टिकचा, दरवाजा पत्र्याचा, पण शेजारी लागल्यावर रंग एकच दिसला पाहिजे. तिथं डोळ्यावर भिस्त नसते, यंत्रानं डेल्टा ई मोजतात. पण गाडीला असे तुकडे दहा-बारा. फोर-के टीव्हीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. मोठ्या ओएलईडी टीव्हीत बहुधा प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे चार दिवे. झाले तीन कोटी एकतीस लाखांवर. साध्या एलसीडीत मागं उजेड असतो आणि पुढं त्याला अडवणारी झडप. ओएलईडीत प्रत्येक दिवा स्वतः पेटतो, स्वतः विझतो. म्हणून काळा खरोखर काळा दिसतो, आणि म्हणूनच हे सगळे दिवे सारखे ठेवणं अवघड जातं.

१९८७ साली कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरातून कमी व्होल्टेजवर चांगला उजेड काढून दाखवला. हे थर निर्वात पेटीत वाफेनं बसवतात. सगळे मिळून जाडी काही शे नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजारांचा. थर काही नॅनोमीटरनं जाड-पातळ झाला तरी आतल्या आत परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा मेळ बदलतो आणि पांढरा एकीकडे गुलाबी, दुसरीकडे हिरवट दिसतो. दुसरी अडचण ट्रान्झिस्टरची. प्रत्येक दिव्यामागं प्रवाह सोडणारा एक ट्रान्झिस्टर असतो आणि तो किती व्होल्टला उघडतो यात उन्नीस-बीस असतंच. भरपूर उजेडात ते झाकलं जातं. गडद राखाडीत, जिथं प्रवाह अगदी थोडा, तिथं तेच पट्टे होऊन दिसतं. या डागाळलेपणाला जपानी शब्द आहे ‘मुरा’, आणि जगभरचे कारखाने तोच वापरतात.

मग कारखाना काय करतो? थर जितके एकसारखे बसवता येतील तितके बसवतो आणि उरलेला फरक मान्य करतो. तयार पडद्यावर एकेक रंग लावून कॅमेऱ्यानं फोटो काढतात, कुठं किती कमी-जास्त ते मोजतात आणि दुरुस्तीचा तक्ता पडद्याच्याच मेमरीत भरतात. मंद भागाला थोडा जास्त प्रवाह, तेजाला कमी. हा ‘डीमुरा’. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या पंगतीत नवा वाढपी असला की मागं एक जाणता माणूस कुणाच्या पानात काय राहिलं ते बघत फिरतो, तसंच हे.

पण तक्ता पहिल्या दिवसाचा. पुढं वापरानं आणि उष्णतेनं ट्रान्झिस्टर सरकतात, दिवे झिजतात. म्हणून बहुतेक ओएलईडी टीव्ही काही तास चालल्यावर, आपण रिमोटनं बंद केला की, स्टँडबायमध्ये स्वतःची तपासणी करतात. ट्रान्झिस्टरचा प्रवाह मोजून हिशेब नव्यानं लावतात. त्यासाठी भिंतीवरचं बटण चालू लागतं.

आणि आपल्या बटणाखाली चिठ्ठी आहे: ‘कार्यक्रम संपल्यावर मेन स्विच बंद करावा’. अक्षर माझं. विजेच्या बिलावरून बैठकीत चर्चा झाली, तेव्हा मीच ती मोठ्या हौशीनं लावली. तो मुलगा रोज इमानदारीनं बटण बंद करत होता. टीव्हीला वर्षभर तपासणीची संधीच मिळाली नाही.

गेल्या महिन्यात मी चिठ्ठी काढली, टीव्ही चार रात्री स्टँडबायवर ठेवला आणि मेनूतली मोठी दुरुस्तीही एकदा चालवली. ती वारंवार चालवू नये. उभे पट्टे जवळजवळ गेले. तळाचा डाग मात्र फिका झाला, गेला नाही. तो हिशेबाचा नव्हे, झिजेचा आहे. केशरी रंगात लाल दिवा सगळ्यात जास्त राबतो. दहा दिवस तिथले लाल दिवे जळले, आता तिथं पांढऱ्यात लाल कमी पडतो आणि उरतो निळसर हिरवा. केशरी पट्टीची उलटी सावली म्हणा.

यंदा पट्टी काढली आहे, आरतीचे शब्द करड्या रंगात आहेत आणि मध्येमध्ये जागा बदलतात. आजोबांची तक्रार आली की वाचताना नजर शोधत राहते. अक्षर मोठं केलंय, आजोबा. आणि कुणी घरी नवा टीव्ही घेणार असेल तर दुकानातल्या झगमगाटात फुलांचे व्हिडिओ बघून ठरवू नका. खोलीत अंधार करून पूर्ण पडदा गडद राखाडी लावा आणि दोन मिनिटं बघा. थोडे पट्टे प्रत्येकात दिसतील. चालू सिनेमात दिसले तरच परत करा.

त्या मुलाची मी घरी जाऊन माफी मागितली आहे. पण आळ चारचौघांत आला होता, म्हणून आज चारचौघांत सांगितलं. तोच आता मागं रिमोट घेऊन उभा आहे. बाळा, राखाडी पडदा लाव. आणि कुणीतरी दिवे घालवा, म्हणजे डाग सगळ्यांना बघता येईल.