घरगुती धंद्याचा हिशेब



‘घरगुती’ हा शब्द आपण मोठ्या मायेने उच्चारतो. घरगुती लोणचे, घरगुती मसाला, घरगुती डबा. पण घरगुती म्हणून जो जिन्नस आपण चवीने खातो, तोच घरगुती म्हणून स्वस्तही मागतो. हा स्वस्तपणा कोणीतरी सोसत असते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मुंबईचे गिरणगाव घ्या. कोकणातून व घाटावरून आलेले कित्येक कामगार बायकामुले गावी ठेवून राहत. त्यांना दोन वेळ जेवू घातले ते चाळीतल्या खानावळवाल्या बायांनी. एकच खोली, तीच स्वयंपाकघर, तीच पंगतीची जागा, रात्री तीच निजायची. खाणावळीचे पैसे कामगाराच्या पगाराला मिळायचे. वाण्याची उधारी मात्र रोज चढायची. मधल्या दिवसांचे भांडवल बाई उभे करी, ते दागिना गहाण ठेवून नाहीतर सावकाराचे व्याज भरून. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. पुढे १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, तेव्हा कामगाराचा पगार थांबला आणि त्याबरोबर हिची चूलही अडचणीत आली.

आता गिरगावात या. १५ मार्च १९५९ रोजी एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. त्याचे मर्म चवीत जितके आहे, तितकेच व्यवस्थेत आहे. पीठ केंद्रात मळावयाचे, बहिणीने ते घरी नेऊन लाटावयाचे, दुसऱ्या दिवशी पापड वजनावर देऊन लाटणावळ घ्यावयाची. ज्या घरात वाळवणाला जागा नाही, तेथल्या बाईला केंद्रातले दुसरे काम. शिवाय लाटणारी ही संस्थेची मालकीण. म्हणजे काम घरात राहिले, पण हिशेब घराबाहेर, चारचौघींसमोर आला.

एकटीने धंदा करणाऱ्या भगिनीने निदान एवढे करावे. डब्याची किंमत ठरविताना धान्य आणि तेल यांबरोबर गॅस, वीज, भांड्यांची झीज आणि स्वतःचे तास वहीत मांडावेत. आपल्या श्रमाच्या रकान्यात शून्य लिहून निघणारा नफा हा नफाच नव्हे.

शेजाऱ्यांनाही एक विनंती. मिरची कुटण्याचा ठसका आणि जिन्यावरची वर्दळ यांचा त्रास होतो, हे खरे. त्यासाठी वेळ ठरवून घ्या, जिना मोकळा ठेवावयास सांगा. तो तुमचा हक्क आहे. पण सोसायटीच्या सभेत एकदम बंदीचा ठराव मांडण्यापूर्वी त्या चुलीवर कोणाची फी भरली जाते, याची चौकशी करा. आणि पुढच्या वेळी डब्याची किंमत विचाराल, तेव्हा घासाघीस करू नका.