शिवारातील जुना ऐवज आणि धातुशोधक यंत्र

(अंबाजोगाई येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि महसूल कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या गावाचे नाव निघाले की योगेश्वरी, आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंतांची पासोडी यांचे स्मरण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मी याच गावाच्या एका विस्मृत अंगाविषयी बोलणार आहे. निजामी राजवटीत या गावास मोमिनाबाद म्हणत आणि येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. निजामाच्या नावाची ही फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असे. तिच्या खर्चापायी 1853 च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि 1903 साली ती हिंदुस्थानच्या इंग्रजी लष्करात विलीन झाली. छावणी उठली, तरी घोडदळाचा मुक्काम जेथे वर्षानुवर्षे पडतो तेथील माती पुष्कळ काही गिळून बसते. घोड्याचा नाल, खोगिराची कडी, गणवेशाचे पितळी बटण, शिशाची गोळी, खिशातून निसटलेला रुपया, अशा या वस्तू.

त्या काळी येथे नाणीही दोन प्रकारची चालत. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार. सुमारे सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव होता. खेड्यात पेढी नाही, घराला भक्कम कुलूप नाही, मग शिल्लक चांदी गाडग्यात घालून भुईत पुरावी हीच रीत. पुरणारा गेला, त्याच्या मुलांना जागा ठाऊक नाही, आणि दोन पिढ्यांनी नांगराच्या फाळाने गाडगे फुटले, असे आपल्या मुलखात होत आलेले आहे.

आता या शिवारांत धातुशोधक यंत्रे फिरवण्याचा मोह नव्याने निर्माण झाला आहे. हे यंत्र कसे चालते ते समजून घेतले तर निम्मा मोह तेथेच ओसरेल. यंत्राच्या वेटोळ्यातून बदलती वीज वाहते, तिच्यामुळे भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, जवळच्या धातूत त्यायोगे विद्युतप्रवाह उमटतात आणि यंत्र आवाज करते. एवढेच! तो धातू शंभर वर्षांचा की कालचा, हे त्यास कळत नाही. एकटे नाणे असेल तर फार तर वीतभर किंवा थोड्या अधिक खोलीपर्यंत त्याची जाणीव पोहोचते. बिघडलेल्या ट्रॅक्टरचा बोल्ट, कुळवाची तुटलेली फास आणि राणीच्या छापाचा रुपया या सर्वांसाठी ते आवाज करणारच. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी टेलिफोनकर्ते बेल यांनी असेच यंत्र वापरले आणि ते फसले. पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला, असे सांगतात. वीस हात खोल पुरलेले सोने दाखवतो म्हणणारा मनुष्य यंत्र घेऊन आला काय किंवा लिंबू-नारळ घेऊन आला काय, दोघांत मी फारसा भेद मानत नाही. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणाऱ्यास 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

परंतु फसवणुकीपेक्षा मोठी हानी निराळीच आहे. वस्तू जमिनीतून उपटली की तिची साक्ष संपते. 1974 साली प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल बांधवास ब्राँझच्या चार मूर्ती मिळाल्या. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या मूर्तींचे एकूण वजन साठ किलोहून अधिक. पुढे त्या स्थळी शास्त्रीय उत्खनन झाले, तरी या मूर्ती नेमक्या कोणत्या थरातील याचा निर्वाळा निर्विवादपणे देता आला नाही आणि त्यांच्या काळाविषयी पंडितांत मतभेद राहिला. तो शोध अजाणता लागला होता, म्हणून दोष कोणास देता येत नाही. यंत्र घेऊन जाणूनबुजून खड्डे पाडणाऱ्यास मात्र ही सबब नाही. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. जुन्या पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकण्याची रीत आहे. तेव्हा शेतात मिळालेले नाणे मूळचे त्या शेतातले असेलच असे नाही. माती कोठून आणली, हे सांगू शकणारा केवळ शेतकरी असतो.

मग असा ऐवज सापडला तर काय करावे? बहुधा भीतीने तो सोनाराकडे जातो आणि मुशीत वितळतो. सरकार सगळे घेऊन जाईल आणि वर चौकशी लावील, ही ती भीती. चौकशीची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आपण अधिकाऱ्यांनीही आपल्या वागणुकीकडे पाहिले पाहिजे. परंतु 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम सर्वसाधारण समजुतीहून पुष्कळ न्याय्य आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे आणि ऐवज नजीकच्या कोषागारात ठेवावा किंवा जामीन द्यावा. त्या काळचे दहा रुपये म्हणजे चांदीची दहा नाणी. कायद्यातील आकडा तोच राहिल्याने आज चांदीचे एकच नाणे ही मर्यादा ओलांडते. नंतर जाहीर सूचना निघते आणि हक्क सांगणाऱ्यांस चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. मालक कोणी ठरला नाही, तर तीन-चतुर्थांश शोधणाऱ्यास आणि उरलेला जमीनमालकास, असा सर्वसाधारण नियम आहे. शासनास तो ठेवावयाचा असेल तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश अधिक देऊन घेता येतो. न कळवल्यास मात्र शोधणाऱ्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद अथवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

शंभर वर्षांच्या आत पुरलेल्या ऐवजाबाबत पुरणाऱ्याच्या वारसांस दिवाणी न्यायालयात जाण्याची सवड कायद्याने ठेवली आहे. 1948 च्या धामधुमीत कोणी काही पुरून ठेवले असेल, तर त्याचे नातू आज हयात असू शकतात. आपल्या भागात हे कलम कागदावरचे नव्हे.

इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या संमतीने यंत्र फिरवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. 1997 पासून तेथे त्यांच्या वस्तूंची जागेसह नोंद घेणारी योजना चालू झाली आणि दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात परवान्यावाचून खणणे हा अपराधच आहे. म्हणून तूर्त यंत्राचा नाद नको. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण तेरचे आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जतन केल्या. आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे.

शिक्षकांनी मुलांकडून गावाचा नकाशा काढवून घ्यावा आणि जुनी पांढरी, पडकी विहीर, छावणीची म्हणून सांगितली जाणारी जागा त्यात दाखवावी. वस्तू धुऊ नये, घासू नये. काडतूस किंवा गोळा दिसल्यास हात न लावता पोलीस पाटलांस कळवावे. जिल्हाधिकाऱ्यांस द्यावयाच्या सूचनेत कायद्याला तीनच गोष्टी हव्या आहेत: काय व किती मोलाचे सापडले, कोठे सापडले आणि कोणत्या तारखेस. त्या अर्जाचा एक नमुना मी लिहून आणला आहे. तो टेबलावर ठेवला आहे. जाताना सरपंचांनी एकेक प्रत घ्यावी आणि चावडीवर लावावी.