संपलेल्या सेलसाठी शाळेतला डबा



घड्याळातला किंवा रिमोटमधला सेल संपला, की तो बहुधा सुक्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत जातो. तो तिथे न जाता शाळेतल्या संकलनाच्या डब्यात जावा, एवढेच या भागाचे सांगणे आहे.

साध्या सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते, मधोमध कार्बनची कांडी असते, आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी दाबून भरलेली असते. वापराने जस्त झिजते, त्याला भोके पडतात, आणि आतला रासायनिक लगदा पाझरून रिमोटच्या स्प्रिंगवर थर चढतो.

2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’, म्हणजे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याचे दायित्व, उत्पादकांवर टाकले असून, ग्राहकानेही त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवायच्या आहेत. उत्पादकाचा माणूस अर्थात दोन सेलांसाठी दारोदार फिरणार नाही. मूल मात्र रोज शाळेत जातेच.

म्हणून पुन्हा एकदा: संपलेला सेल कचऱ्यात नको, शाळेच्या डब्यात.

हा डबा प्लास्टिकचा आणि कोरडा असावा, व लिथियमच्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, कारण टोके एकमेकांना टेकली तर सेल तापतो, प्रसंगी पेटतोही. बटण-सेल मुलाने गिळल्यास अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे तो मोठ्यांनीच डब्यात टाकावा.

भरलेला डबा भंगारवाल्याकडे न देता शाळेने नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावा.