झोपडवस्तीतील बालकांची वाढ का खुंटते ?



कृष्णाकाठच्या सांगलीची ओळख हळदीच्या बाजारपेठेमुळे, द्राक्षांच्या मळ्यांमुळे आणि सहकारी साखर कारखानदारीमुळे सर्वदूर आहे. धान्य, गूळ, बेदाणा आणि दूधदुभते यांची येथील बाजारात रेलचेल असते. तथापि सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन नगरे मिळून १९९८ साली जी महानगरपालिका स्थापन झाली, तिच्या हद्दीतील दाट वस्त्यांमधून वयाच्या मानाने उंचीत मागे राहिलेली बालके आढळतात, हेही तितकेच खरे आहे. जत, आटपाडी, कवठे महांकाळ यांसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांतून आणि सीमेपलीकडील कर्नाटकातून कामाच्या शोधात आलेली अनेक कुटुंबे या वस्त्यांत स्थिरावली. शहराने त्यांना रोजगार दिला. त्यांच्या मुलांना पुरेशी वाढ मात्र लाभू शकली नाही. असे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

डोळ्यांना न दिसणारे कुपोषण

कृश झालेले मूल पाहताच ओळखू येते. वाढ खुंटलेले मूल मात्र तसे ओळखू येत नाही. ते खेळते, हसते, अंगाने प्रमाणबद्ध दिसते. तीन वर्षांचे मूल दोन वर्षांचे वाटते, एवढेच. कृशता ही अलीकडच्या उपासमारीची किंवा आजाराची खूण असते, तर खुंटलेली उंची हा दीर्घकाळच्या उणिवांचा लेखी पुरावाच असतो.

जन्मतः बाळाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात ती २५ सेंटिमीटरने आणि दुसऱ्या वर्षात आणखी सुमारे १२ सेंटिमीटरने वाढते. इतक्या वेगाने मनुष्य पुढे कधीच वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची लांबी ८१.७ सेंटिमीटरपेक्षा आणि मुलीची ८० सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास त्या बालकाची वाढ खुंटली असे समजले जाते. प्रश्न केवळ उंचीचा असता तर त्याची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या काळात हाडे वाढतात, त्याच काळात मेंदूही घडत असतो. त्यामुळे अशा बालकांना पुढे शाळेत शिकणे जड जाते, आजार वरचेवर होतात आणि मोठेपणी त्यांची श्रमशक्ती व कमाईही कमी राहते. खुंटलेली मुलगी पुढे आई होते, तेव्हा तिचे बाळही कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांपर्यंत खाली आले. २०१९-२१ च्या पाहणीत ते ३५.२ टक्के आढळले. एका दशकात साधलेली लक्षणीय सुधारणा पुढे थबकली, हा या आकड्यांचा अर्थ होय.

‘आईबापच ठेंगणे’ हा समज

वस्तीत या विषयाची चर्चा निघाली की एक उत्तर हमखास ऐकू येते : “आईबापच ठेंगणे, मूल उंच कोठून होणार ?” हे समाधान सोयीचे असले तरी ते शास्त्राला धरून नाही. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार बालकांच्या वाढीचा अभ्यास केला. भारतातील बालके दक्षिण दिल्लीतील सुस्थित कुटुंबांतील होती. पुरेसे स्तनपान, योग्य आहार आणि स्वच्छ परिसर लाभल्यास पहिल्या पाच वर्षांत सर्व देशांतील मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे या अभ्यासातून दिसून आले. दोन भावंडांच्या उंचीत आनुवंशिकतेमुळे फरक पडेल. परंतु एखाद्या वस्तीतील बालकांचा मोठा वाटा मागे पडत असेल, तर त्याचा दोष रक्ताला देता येणार नाही. तो परिस्थितीकडेच जातो.

आरंभ गर्भातच

वाढ खुंटण्याचा आरंभ पुष्कळदा जन्मापूर्वीच होतो. अल्पवयात झालेला विवाह, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, रक्तक्षय आणि गरोदरपणीही न सुटणारे कष्टाचे काम यांमुळे गर्भाचे पोषण अपुरे राहते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जीवनाची शर्यत मागूनच सुरू करते.

पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या माता-पोषण अभ्यासात, ज्या गरोदर स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेत होत्या त्यांची बाळे आकाराने मोठी असल्याचे आढळले. त्याच धाग्यावर मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून २००६ ते २०१२ या काळात सहा हजारांहून अधिक स्त्रियांना दररोज खाऊ देऊन एक प्रयोग करण्यात आला. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने पालेभाजी, फळे व दूध यांचा खाऊ घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे ५० ग्रॅमने अधिक भरले. अत्यंत कृश स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा लाभ दिसला नाही. सातव्या महिन्यात सुरू केलेला पौष्टिक आहार पुरेसा ठरत नाही, मुलगी सासरी जाण्याआधीपासूनच तिच्या ताटाकडे लक्ष द्यावयास हवे, हा धडा त्यातून मिळतो.

आणखी एका सवयीचा उल्लेख येथे केला पाहिजे. मिश्री लावण्याची चाल पश्चिम महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रियांत जुनी आहे. दात स्वच्छ करण्याचे निमित्त, परंतु पोटात जाते ती तंबाखूच. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होते. महिनोन्‌महिने दिलेल्या खाऊने जे मिळते, त्याच्या दुप्पट मिश्रीची एक डबी हिरावून नेते.

उष्टावणानंतरची घसरण

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा नियम आता बहुतेक मातांना ठाऊक आहे. चिकाचे दूध पिळून टाकण्याची रूढीही मागे पडत चालली आहे. खरी घसरण सुरू होते ती सहाव्या महिन्यानंतर आणि चालते ती दुसरा वाढदिवस होईपर्यंत. उष्टावण थाटाने होते, परंतु दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या वाटीत वरणाचे पाणी किंवा भाताची पेज येते. बाळाचे पोट लहान असते. आठ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी मोठ्या वाटीभरापेक्षा अधिक मावत नाही. ती वाटी पाण्यानेच भरली, तर पोट भरते, पण शरीर उपाशी राहते.

उपाय खर्चिक नाही. वरणाच्या पाण्याऐवजी घोटलेली घट्ट डाळ, तिच्यात चमचाभर तेल, कुस्करलेली भाकरी, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट, नाचणीची खीर, पालेभाजी आणि ज्या घरी चालत असेल तेथे अंडे, असा आहार बाळाला मानवतो. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन ते तीन वेळा आणि पुढे तीन ते चार वेळा भरवावे लागते. त्याऐवजी चहात बुडविलेले बिस्किट आणि दुकानातील पाच रुपयांची खारट पुडी बाळाच्या हाती पडते. भूक मरते, आणि चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यासही अडथळा येतो.

नाली, पाणी आणि पूर

मात्र वाटी घट्ट केली की सर्व झाले, असेही नाही. ज्या उंबरठ्याला लागून उघडी नाली वाहते, तेथे रांगणारे बाळ दिवसभर मातीबरोबर जंतूही पोटात घेत असते. वारंवार होणाऱ्या अतिसाराने आतड्याच्या आतील सूक्ष्म अंकुर झिजतात. जुलाब नसतानाही मग अन्नरस पुरेसा शोषला जात नाही आणि शरीराची शक्ती वाढीऐवजी जंतूंशी झुंजण्यात खर्ची पडते.

सांगलीला हा प्रश्न अपरिचित नाही. शहराचे सांडपाणी कृष्णेत नेणारा शेरीनाला हा नागरिकांच्या चिंतेचा जुना विषय आहे. त्यातच महापुराची भर पडते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपलीकडे गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर यांसारख्या सखल भागांत पाणी शिरले. पूर ओसरतो, परंतु घरातील धान्य, बुडालेली मजुरी आणि दूषित झालेले पाणी यांची झळ पुढे कित्येक आठवडे राहते. दहा महिन्यांच्या बाळाच्या आयुष्यात ते आठवडे फार मोठे असतात.

बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथील मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरोघरी साधे शौचालय, हात धुण्याची सोय आणि पाणी शुद्ध करण्याचे औषध पुरविल्याने बालकांची उंची वाढली नाही. पूरक आहाराने ती थोडी वाढली. याचा अर्थ स्वच्छता निरुपयोगी आहे असा नव्हे. एकट्या घराची स्वच्छता वस्तीच्या घाणीपुढे टिकत नाही, असा आहे. बंदिस्त गटार, घरापर्यंत नळाचे शुद्ध पाणी आणि मैल्याची योग्य विल्हेवाट ही कामे संपूर्ण वस्तीसाठी व्हावयास हवीत.

आईचा वेळ

या सर्व कारणांच्या मुळाशी एक कारण आहे, ते म्हणजे आईचा वेळ. हळदीच्या वखारीत, बेदाण्याच्या निवडणीत, कुपवाडच्या कारखान्यात किंवा चार घरच्या धुण्याभांड्यांत जिचा दिवस जातो, तिला बाळाला चार वेळा भरवा असे सांगणे सोपे आहे. प्रसूतीची भरपगारी रजा तिला नाही. रोज बुडाला की मजुरी बुडाली. बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जाते आणि थोरलीची शाळाही सुटते. आईला अडाणी किंवा बेफिकीर ठरविणारे तिच्या दिवसाचा हिशेब मांडत नाहीत.

करावयाचे काय ?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यातून उभी राहिलेली अंगणवाडी हे आजही या कार्याचे मुख्य केंद्र होय. २०१८ पासून पोषण अभियानाने वजनाबरोबर उंचीच्या मोजणीवरही भर दिला. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांचे साहाय्य मिळते, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देण्यात येतात. या सोयींचा लाभ प्रत्येक कुटुंबाने हक्काने घ्यावा. परंतु तीन वर्षांखालील बाळ अंगणवाडीत बसत नाही. ते घरी असते. घरी नेलेला शिधा त्याच्याच तोंडी जातो की सर्व कुटुंबात वाटला जातो, हे दारी जाऊन पाहावे लागते. नोंदवहीतील उंची नुसती नोंदवून ठेवण्यासाठी नसते. दोन मोजण्यांमधील रेषा सपाट झाली, तर त्याच आठवड्यात त्या घराची कडी वाजली पाहिजे. कामाच्या जागेजवळ पाळणाघर, पूरकाळात निवारा केंद्रावर बालकांसाठी वेगळा आहार आणि मुलींच्या शिक्षणाचा व विवाहाच्या वयाचा आग्रह, या गोष्टीही तितक्याच निकडीच्या आहेत.

गर्भाचे २७० दिवस आणि पहिल्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून एक हजार दिवस होतात. रस्ता पुढील वर्षी होऊ शकतो, इमारतीचे काम लांबणीवर पडू शकते. बालकाचे हे हजार दिवस मात्र कोणत्याही अंदाजपत्रकाची वाट पाहत थांबत नाहीत. वस्तीतील प्रत्येक बाळाचे हे दिवस मोजले जातील आणि राखलेही जातील, तेव्हाच कृष्णाकाठची समृद्धी त्याच्या वाटीपर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.