दुकान कोणाचं, गिऱ्हाईक कोण?

कोणी नागपूरच्या बसमध्ये इअरफोन लावून ऐकत असेल, कोणी बांधीत काम करता करता. आजच्या एपिसोडमध्ये पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे दुकान. समोरच्या माणसाची बोली ऐकून दुकानदार त्याला वेगळा भाव लावू शकतो का? माल नाकारू शकतो का?

सुरुवात घरापासूनच करतो. तुमसर तालुक्यात माझ्या मामांचं किराणा दुकान आहे, रिचार्जही करून देतात. दिवाळीनंतर आमच्याकडे विटभट्ट्या सुरू होतात. छत्तीसगडमधून, बालाघाटकडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. मागच्या हिवाळ्यात मी दुकानात बसलो होतो. गावातल्या एक काकू तेलाची पिशवी घेऊन गेल्या, छापील किमतीत. त्यांच्या मागे कडेवर पोर घेतलेली एक बाई होती. तिनं छत्तीसगढीत तीच पिशवी मागितली. मामांनी पाच रुपये जास्त लावले. वर म्हणाले, "पायरीच्या खालीच उभी राह." तिनं पैसे मोजून दिले आणि गेली.

मी विचारलं, "मामा, पाच रुपये कशाचे?"

"त्यांचा काई भरोसा नाई बाबू. आज भट्टी चालू, उद्या बंद. मागं दोघांची उधारी बुडाली."

"पण तिनं तर रोख दिले."

मामा काही बोलले नाहीत. मीही पुढे बोललो नाही. पण तो दिवस डोक्यातून जाईना, कारण त्या पायरीच्या खाली मीही उभा राहिलेलो आहे.

पुण्यात शिकायला गेलो तेव्हा कॉट बेसिसवर जागा शोधत होतो. एका ठिकाणी सगळं ठरलं होतं, भाडं, डिपॉझिट, सगळं. मी सहज विचारलं, "पानी किती वाजता येते?" मालक हसले. "पानी? कुठले तुम्ही?" म्हटलं, भंडारा. "तिकडची मुलं आम्ही ठेवत नाही." विषय संपला. आपल्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. आपण पानी म्हणतो, डोळ्याला डोरा म्हणतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर या बोलीचा अभ्यास केला. पण त्या दारात 'पानी' हा अभ्यासाचा विषय नव्हता. तिथे ते माझं ओळखपत्र होतं, आणि ते नापास झालं होतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कंटाळू नका, दोनच मिनिटं.

संविधानाचं कलम १५ आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्याचा दुसरा भाग नीट वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथे धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही. हे फक्त सरकारला सांगितलेलं नाही, माझ्या मामांनाही सांगितलेलं आहे. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत यावर चर्चा झाली. प्रश्न आला की दुकानात धोबी, न्हावी येतात का? डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा अर्थ असा होता: जो माणूस येईल त्याला सेवा द्यायला जिथे मालक तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. आत येऊ देणं एवढंच पुरेसं नाही, सेवा द्यायची. याच बाबासाहेबांनी १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती आणि ते हरले होते. ते असो.

म्हणजे जन्मस्थान यादीत आहे. मग अडचण कुठे? तीन ठिकाणी आहे.

पहिली, भाषा. कलम १५ च्या यादीत भाषा नाही. गंमत बघा, कलम २९ मध्ये ती आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा-कॉलेजात भाषेवरून प्रवेश नाकारता येत नाही. पण त्याच कॉलेजसमोरच्या खानावळीबद्दल संविधान भाषेचं नाव घेत नाही.

दुसरी, 'नागरिक' हा शब्द. हिवाळ्यात तुम्ही तिबेटी लोकांकडून स्वेटर घेतले असतील. १९७२ पासून गोठणगावजवळ त्यांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वसाहत तिकडे गेली, तरी त्यांच्यात तिला अजून 'भंडारा' म्हणतात. त्यांच्यातले अनेक जण कागदावर भारताचे नागरिक नाहीत. पन्नास वर्षांचे शेजारी, पण दुकानाच्या दारातलं हे संरक्षण त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही.

तिसरी, तक्रार कुठे करायची? अस्पृश्यतेवरून दुकानात अडवलं तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, शिक्षा आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा बिल दिलं नाही, तर ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. म्हणजे त्या बाईला पाच रुपयांची तक्रार करता आली असती. पण "पायरीच्या खाली उभी राह" याची? "तिकडची मुलं ठेवत नाही" याची? त्यासाठी थेट कोर्टात जावं लागेल. एका कॉटसाठी कोण जाणार?

आता जगात एका ठिकाणी काय केलं ते सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९५९ पासून एक कायदा आहे, अनरू कायदा. धंदा करणाऱ्यानं गिऱ्हाइकात भेदभाव करायचा नाही, असं तो सांगतो. २०१५ मध्ये त्याच्या यादीत त्यांनी तीन गोष्टी वाढवल्या: नागरिकत्व, स्थलांतरिताचा दर्जा आणि माणसाची मुख्य भाषा. १ जानेवारी २०१६ पासून लागू. म्हणजे आपल्याकडे जी भोकं आहेत, तिथेच ठिगळ लावलं. आपल्याकडे २०१७ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडलं होतं. त्यात भाषिक ओळखही होती. त्याचा कायदा झाला नाही.

मला माहीत आहे, आता कमेंटमध्ये काय येणार. "मग मराठीचं काय? बाहेरचे येतात, मराठी बोलत नाहीत, आणि तू त्यांनाच संरक्षण देतोस?"

ऐका. २०२२ साली महाराष्ट्रानं सगळ्या दुकानांवर मराठी पाटी सक्तीची केली. मला ते पटतं. राज्याच्या भाषेत पाटी लावणं ही दुकानाची जबाबदारी आहे. पण गिऱ्हाईक दुसरी भाषा बोलतं म्हणून त्याला हाकलणं हा दुकानाचा अधिकार नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. कॅलिफोर्नियातही त्या बदलानं दुकानदाराला नवी भाषा शिकायची सक्ती केली नाही. फक्त भाषेमुळे माणसाला वेगळं वागवायचं नाही, एवढंच सांगितलं. आणि असा नियम आला तर त्याचा पहिला फायदा कोणाला? पुण्यात 'पानी' म्हणणाऱ्याला. बंगळुरूत खोली शोधणाऱ्या तुमच्या बहिणीला. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या आपल्याच गावच्या लोकांना.

ही शेवटची गोष्ट मला मामांनी सांगितली. होळीला गेलो तेव्हा मी पुन्हा विषय काढला, पुण्याचा किस्साही पहिल्यांदा सांगितला. मामा बराच वेळ वजनकाटा पुसत राहिले. मग म्हणाले, दुकान टाकायच्या आधी ते दोन हंगाम खम्ममकडे मिरची तोडायला गेले होते. तिथला दुकानदार गावचे सगळे लोक झाल्यावरच त्यांना माल द्यायचा. एकदा तापाची गोळी घ्यायला तासभर उभे होते.

मी विचारलं, "मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलनार? भाषाच येत नव्हती."

मामा बदलले असं मी सांगणार नाही. उधारी ते अजूनही भट्टीवाल्यांना देत नाहीत आणि त्यावर आमचं भांडण चालू आहे. माझं म्हणणं, उधारीचा नियम करा, पण तो गावातल्या बुडव्यालाही लावा. पण तेलाच्या पिशवीचा भाव आता एकच आहे. आणि पायरीच्या खाली कोणी उभं राहत नाही.

कायदा व्हायचा तेव्हा होईल, आपण मागत राहू. तोवर तुमच्या घरचं दुकान असेल, मेस असेल, सलून असेल, तर एक दिवस नुसतं बसून बघा. भाव एक आहे का? रांग एक आहे का? आणि तुमच्या बोलीमुळे तुम्हाला कोणी दारातून परत पाठवलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. तुमच्या बोलीतच बोला. आपण ती तशीच वाजवू.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.